बाबांची डावी बाजू

४ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क मजा आली! संग्रहालयात टाचणीने टोचलेले हजारो किडे आहेत. त्यांचे फोटो संगणकावर साफ करायचे. सॉफ्टवेअर फुकटातलं, पण कातर, खोडरबर, कॉपी, उलटवणं, सगळं आहे त्यात. विभागाच्या बाईंनी दहा वेळा बजावलं: धूळ पुसा, टाचणीची सावली पुसा, पण नमुन्याला बोट लावायचं नाही. तुटका पाय तुटकाच दिसला पाहिजे. आणि मूळ फोटो आधी वेगळा ठेवायचा.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते अर्ध्या तोंडाने हसले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची डावी बाजू लुळी आहे. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, आणि आता त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते. नोकरीसाठी घेतलेल्या या नव्या घरात त्यांची खुर्ची खिडकीशी ठेवली आहे. इथे त्यांना नक्की बरं वाटेल.

११ फेब्रुवारी
आज आगाऊपणा केला. एका भुंगेऱ्याचा डावा मागचा पाय नव्हता. बाबा कापड दुमडून एकदाच कातर चालवायचे. उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. मी तेच केलं. उजवा पाय कॉपी केला, उलटवला, डावीकडे चिकटवला. इतका बेमालूम बसला की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. बाईंना दाखवणार नाही, उगाच कान उपटतील.

१२ फेब्रुवारी
पेटीतल्या भुंगेऱ्याला आज सहा पाय आहेत. काल पाच होते. नोंदवहीतही ‘डावा मागचा पाय नाही’ असं स्पष्ट लिहिलंय.

मग फोटोत एका पतंगाचा फाटका पंख तसाच जोडला आणि पेटी उघडली. पंख अखंड. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर वाटली नाही. घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच विचार होता.

१५ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोटो उघडला, खुर्चीतला, डोक्यापासून पायापर्यंतचा. उजवी बाजू कॉपी केली, उलटवली, डावीकडे लावली. सेव्ह केलं. मूळ फोटो वेगळा ठेवायचं भानच राहिलं नाही.

घरी आले तर बाबा दारात उभे. दोन्ही पायांवर! त्यांनी मला दोन्ही हातांनी जवळ घेतलं. लहान पोरीसारखी रडले मी.

१८ फेब्रुवारी
बाबा जेवत नाहीत. भूकच नाही म्हणतात. अंग गार. एक हात उचलला की दुसराही उचलला जातो, त्यामुळे सुईत दोरा ओवता येत नाही. त्यांनी स्वतःचीच थट्टा केली. मला हसू आलं नाही.

२० फेब्रुवारी
डॉक्टर येऊन गेले. छातीला नळी लावली. डावीकडे, उजवीकडे, पाठीला. नळी झटकली, पुन्हा लावली. मनगट धरून बराच वेळ बसले. मग बॅग उचलून माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी उजवी बाजू डावीकडे लावली. हृदय डावीकडे असतं. मी त्याच्यावर—

बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, कापड दुमडता येतं, माणूस नाही. म्हणून तर आम्ही दोन्ही खांद्यांची मापं वेगवेगळी घेतो.

२३ फेब्रुवारी
बाबांची नखं काळी पडली. घोट्यापर्यंत काळं. कळा सोसवत नाहीत त्यांना. गोळी, इंजेक्शन, कशाचाच उपयोग नाही. रक्तच फिरत नाही, तर औषध पोचणार कसं? आणि मरणही येत नाही. बंद पडायला आत काही चालूच नाही—

२४ फेब्रुवारी
जुने फोटो काढले. लग्नातला, दुकानातला. सगळ्यांत बाबा दोन्हीकडून सारखे. त्यांची डावी बाजू कुठेच उरली नाही. दुसऱ्या कोणाची लावून पाहिली— चिकटत नाही. खोडरबर तेवढा चालतो. कॉलरचं टोक पुसलं. घरी आले तर त्यांच्या कॉलरला टोक नव्हतं.

हे त्यांना सांगायला नको होतं.

२६ फेब्रुवारी
सुट्टी. संग्रहालयात कोणी नाही. बाबांना घेऊन आले आहे. शेजारी बसलेत. फोटो उघडलाय, खोडरबर निवडलाय. काल दिवसभर हात जोडून मागत होते—

हे लिहून झालं की सुरुवात करायची, असं ठरलंय. म्हणून लिहिते आहे.

चेहऱ्यापासून कर म्हणतात. म्हणजे तुझं रडणं मला दिसणार नाही.

अजून लिहिते. टेबलावर भिंग. भिंग गोल. खिडकीत ऊन. शर्ट निळा, सकाळी मीच इस्त्री केला, तिसरं बटण जरा सैल, घट्ट करायला हवं, घरी गेल्यावर—

पुरे गं आता, म्हणतायत. त्यांचे दोन्ही हात एकदमच माझ्या पेनाकडे—