तिसरा आणि पाचवा

प्रिय पंचबाई,

या नावाने तुला हाक मारून चार वर्षं झाली. रागावू नकोस. दुसरं कुठलंच नाव कागदावर उतरेना, आणि काम पंचाकडेच आहे. काल दुपारी फुटबॉलच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या शेवटच्या फेरीचे सामने संपले. निकाल कळवायला हवा.

इकडे मी बरा आहे. जेवतो, झोपतो, गॅस बंद केला की नाही ते दोनदा बघतो. तुझ्या आईच्या शिलाई मशीनवर धूळ बसते, ती पुसतो. तिला जाऊन सहा महिने झाले. शेजारच्या मावशी विचारतात, अहो, एकदा मोकळेपणी रडलात तरी का? काय सांगू त्यांना? दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तसं आहे सगळं. आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही.

नियम तू विसरली नसशील, तरी लिहितो. ऑगस्टमध्ये पहिल्या सामन्याची शिट्टी वाजायच्या आत हंगामाअखेर बारा संघ कोणत्या क्रमाने असतील तो तक्ता लिहायचा, शाईने. संघ जितक्या जागा चुकला तितका दंड. ज्याचा दंड कमी तो जिंकला, आणि उन्हाळ्यातले आठ दिवस कुठे काढायचे ते त्याने ठरवायचं. एक प्रत स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दुसरी पंचाकडे. तू आठ वर्षांची असताना गळ्यात शिट्टी अडकवून हे सगळं आमच्याकडून वदवून घेतलं होतंस. सव्वीस वर्षं मीच जिंकलो. सव्वीस वर्षं त्याच तळ्याकाठी, त्याच खोलीत राहिलो, आणि तुझी आई डासांना शिव्या घालत माझ्या गळाला लागलेले मासे साफ करत राहिली.

ती हरायची यात नवल नव्हतं. गोलरक्षक चेहऱ्याने गरीब वाटला की त्याचा संघ वर, जर्सीची शिवण उसवलेली दिसली की खाली. आणि पहिल्या जागी कायम तू राहतेस त्या गावचा संघ. तू गाव बदललंस की हिचा विजेता बदलायचा. एकदा तर तुझ्या गावचा संघ या डिव्हिजनमध्ये नव्हताच, तरी बाईसाहेबांनी तोच पहिला लिहिला. मी कागद बाद केला, तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

या वर्षी मात्र तिने जुलैभर पेपर वाचून काढले. कुणाचा गुडघा दुखावलाय, कुणी प्रशिक्षक बदलला, सगळं चष्मा लावून टिपून ठेवलं. आणि तुझ्या गावचा संघ लिहिला तिसरा. मी म्हटलं, हे काय, लेकीवरची माया आटली वाटतं? तर म्हणाली, लाड पुरे झाले, या वर्षी मला जिंकायचंच आहे. मी खो खो हसलो. मी तुमच्या पोरांना पाचवं आणि बंदरवाल्यांच्या संघाला तिसरं लिहिलं होतं. तपासणीचे रिपोर्ट तेव्हा तिच्या पर्समध्ये होते. मला तिने ते सप्टेंबरमध्ये दाखवले.

इतकी चुरस मी जन्मात बघितली नाही. मार्च उजाडला तरी पहिल्या आणि नवव्या संघात सात गुणांचं अंतर. पेपरातले पंडित दर सोमवारी तोंडावर आपटत होते. मी दर रविवारी भिंतीसमोर उभा राहून दोघांचा दंड काढायचो, तिचाही. फेब्रुवारीपासून ती पुढे होती. मला आनंद झाला का, विचारशील. काहीच झालं नाही. आकडा लिहायचा आणि भाजी चिरायला बसायचं.

काल तुमचा संघ बंदरवाल्यांशी खेळला. शेवटचं मिनिट आलं तरी एक-एक बरोबरी. तसंच सुटलं असतं तर तुम्ही तिसरे, बंदरवाले पाचवे, अगदी तिने लिहिलं होतं तसं. तिचा दंड वीस, माझा सव्वीस. मग कॉर्नर झाला, आणि बंदरवाल्यांच्या त्या उंच बचावपटूने डोकं लावलं. ते तिसरे, तुम्ही पाचवे. माझा दंड बावीस, तिचा चोवीस. मी तीनदा मोजलं. पुन्हा मीच जिंकलो होतो. आणि तेव्हा एकदम चावल्याचं कळलं. बहात्तर वर्षांचा बाप्या एका हेडरपायी फ्रिजला धरून रडला. मावशी धावत आल्या, त्यांना वाटलं गॅस राहिला.

आठ दिवस तिला कुठे जायचं होतं ते तुला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. तू नवऱ्याला सोडून घरी येते म्हणालीस, तेव्हा मी फोनवर म्हटलं, स्वतः केलंस, आता स्वतःच निस्तर. ते चुकलं माझं. आईला पोचवायला आलीस आणि मावशींकडे उतरलीस, तेव्हाही म्हणू शकलो असतो. जीभच उचलली नाही.

चौतीस वर्षं मी बाजारातले वजनकाटे तपासले. ग्रॅमभर खोट निघाली तरी काटा जप्त केला. आज सकाळी तुझ्या आईचा कागद भिंतीवरून काढला आणि तिसरा व पाचवा संघ खोडून त्यांची अदलाबदल केली. आता तिचा दंड वीस होतो. कागद सोबत जोडला आहे. खाडाखोड लपवलेली नाही, लपवता आलीही नसती, कारण खरी प्रत ऑगस्टपासून तुझ्याकडेच आहे. ती पुढे केलीस तर मी जिंकलो, आणि मुकाट्याने तळ्यावर जाईन. हा कागद खरा धरलास तर ती जिंकली, आणि आठ दिवस तिच्या वतीने मी तुझ्याकडे येईन. जमिनीवर अंथरूण टाकलंस तरी चालेल. पंचाचा निर्णय मला मान्य असेल, पण लवकर कळव.

तुझाच,
आई ज्याला काटेवाला म्हणायची तो, बाबा