उजवीकडून सहा बरण्या

आदरणीय फुसाएताई,

चटईवर गुडघे टेकून, कपाळ खाली लावून तुमच्या तोकिएचा नमस्कार. (उठताना आता मलाही हात टेकावा लागतो, हसू नका.) इकडे समुद्रावरून बोचरा वारा सुटलाय आणि छपरांवर बर्फ धरलाय, तेव्हा तुमच्याकडे डोंगरात तर सकाळी दारही उघडत नसेल. कंबर कशी आहे? पायाशी शेगडी घेता ना? तुम्ही सुकवलेली पर्सिमनची फळं पोचली. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी तुम्ही कशातून ना कशातून पाणी काढताच आहात, हे बघून बरं वाटलं.

तर झालं असं की सोमवारी आपल्या लॅबमधलं, तपासायच्या तुकड्यांतलं पाणी काढणारं यंत्र बंद पडलं. तेच, तुमच्या निरोपाच्या आठवड्यात आलेलं आणि तुम्ही ज्याला जावईबापू म्हणायचात ते. (आल्यापासून मधली जागा त्याची, आवाज त्याचा, रुसवाही त्याचाच.) दुरुस्तीवाला म्हणाला, घाटात बर्फ आहे, शुक्रवारशिवाय जमणार नाही. आणि नेमका त्याच सकाळी माझ्या हातात उराबेंच्या पोटातला तुकडा आला. आपले टोफूवाले उराबे, हो. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, पण तो काढून घ्यायला ते किती महिने तयार नव्हते म्हणून सांगू. बायको गेल्यापासून कुणाचं म्हणून ऐकत नाहीत. नळी गिळून बाहेर आले ते डोळे पुसतच, आणि डॉक्टर माकाबेंना म्हणाले, एकदा गिळली, पुन्हा मेलो तरी गिळणार नाही. म्हणजे हा दाणा बिघडला असता तर उराबेंच्या पोटात काय आहे ते कुणालाच कधी कळलं नसतं. फॉर्मलिनमध्ये तो शुक्रवारपर्यंत राहिलाही असता, पण डॉक्टरांना घाई होती आणि खरं सांगू का, मलाही मोह झाला.

मी माळ्यावरून तुमची बरण्यांची लाकडी घोडी काढली. सहाही बरण्या शाबूत होत्या, फक्त चिठ्ठ्यांवरची शाई उडाली होती. त्या पुसताना मला किती काय आठवलं. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, थेट कडक अल्कोहोलमध्ये का नाही टाकायचं, वेळ वाचेल. तुम्ही मला हाताला धरून रस्त्यापलीकडे उराबेंच्या दुकानात नेलंत आणि म्हणालात, उराबे, हिला घाईघाईत दाबलेला टोफू दाखवा. त्यांनी एक मोठा दगड ठेवून दाखवला आणि टोफू चुरगळला. मग म्हणालात, पाणी सावकाश काढायचं, पातळ अल्कोहोलपासून कडक अल्कोहोलपर्यंत, एकेक बरणी. पाणी राहिलं तर मेण आत शिरत नाही, मेण शिरलं नाही तर पातळ काप निघत नाही, आणि काप निघाला नाही तर डॉक्टर मायक्रोस्कोपखाली काय माझं तोंड बघणार? चौदा वर्षं मी ते ऐकलं. दुपारी उराबे कँटीनचा टोफू घेऊन येत, आपल्या खिडकीशी बादली टेकवून उभे राहत, आणि तुम्ही चिमटा उचललात की बाहेरून तुमची नक्कल करत: उजवीकडून, पोरी, उजवीकडून. (तुमच्या गुरुजींनी बरण्या आपल्या उभ्या लिपीच्या ओळींसारख्या उजवीकडून डावीकडे मांडल्या म्हणून तुम्हीही तशाच मांडल्यात.) ते दिवस फार चांगले होते, ताई. तेव्हा मला ते कळत नव्हतं.

आता माझी करामत ऐका. जावईबापू डावीकडून उजवीकडे चालतात. पंधरा वर्षं तेच बघून माझ्या डोक्यात तेच बसलंय, म्हणून मी बरण्या भरल्या त्या डावीकडून: पातळ डावीकडे, कडक उजवीकडे. मग खुर्ची ओढली, चिमटा उचलला, आणि हाताने डोक्याला न विचारता दाणा टाकला उजवीकडच्या बरणीत. दर तासाला घंटी, दर तासाला एक बरणी. मी मधे चहा घेतला, तुमचं गाणंही गुणगुणले. सहा तास उराबेंचा दाणा कडकमधून पातळमध्ये उलटा उतरत होता आणि मी खुशीत होते. शेवटी, मेणाआधी अल्कोहोल धुऊन काढणाऱ्या झायलीनमध्ये सोडला, तर झायलीन दुधासारखं पांढरं झालं. अगदी उराबेंच्या कढईतलं सोयाचं दूध. पाणी अजून आतच होतं.

दाणा लगेच बाहेर काढला, कागदावर टिपला आणि डावीकडून पुन्हा चढण सुरू केली. रात्री उशिरापर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. या वेळी झायलीन स्वच्छ राहिलं, आणि मी घोडीला डोकं टेकून थोडी रडले. (हे माकाबेंना माहीत नाही.) बाकी सगळं ठीक. तब्येतीला जपा.

तुमची,
तोकिए

ता. क. काचपट्टी छान निघाली. माकाबेंनी बघितली आणि म्हणाले, जे नको होतं तेच आहे, पण अगदी सुरुवातीचं. आत्ता कापून काढलं तर उराबे आणखी वीस वर्षं टोफू करतील. उराबे नाही म्हणतात. पहाटे भिजवलेलं सोया कोण दळणार, म्हणतात.

ता. क. दुसरा. काल ते माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, तुमचं ते यंत्र चुकलं असेल. मी म्हटलं, यंत्र नाही, फुसाएताईंच्या बरण्यांतून हाताने केलंय. त्यांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, उजवीकडून ना? मला खोटं बोलवेना. म्हटलं, दोन्हीकडून. ते इतके हसले की पोट धरून खाली बसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, तिला विचार. ती म्हणाली तर झोपतो टेबलावर.

उराबेंचा अंगठा कापला तेव्हा तुम्हीच त्यांना कान धरून टाके घालायला आणलं होतं. ताई, पुढच्या गुरुवारच्या बसने या, तोवर घाट मोकळा होईल. मी थांब्यावर छत्री घेऊन उभी असेन. बरण्या धुऊन ठेवल्यात, उजवीकडून.