वैनगंगेत न सोडायची थैली

लाखनी

प्रिय प्रविण,

मागच्या मुलाखतीत जाळीपलीकडून तू विचारलेस, "ताई, डोमाभाऊ आत सुधारला होता. घरी जाऊन काहून खाटेवर पडला?" हे कोडे तुमच्या एकाच बराकीतले नाही. क्षयाचा रुग्ण तुरुंगातल्या डाळ-पोळीवर सावरतो आणि घरचा दूधभात सुरू झाल्यावर खंगतो, हे अनेकांनी पाहिले असेल. विज्ञान शिकवणाऱ्या बहिणीला विचारलेस, म्हणजे उत्तर लांबणारच!

आधी औषधाचे पाहू. निंदताना तण वरवर कापले तरी धानाची बांधी स्वच्छ दिसते. मुळे मात्र आत राहतात. गोळ्या चपळ जंतूंना आधी मारतात. खोकला थांबतो, भूक लागते, माणसाला वाटते, झाले! सुस्त जंतू दडून असतात. पुढचे महिने त्यांच्यासाठीच असतात. मध्ये खंड पडला की तेच वाढतात, आणि कधी कधी जुन्या गोळ्यांना दादही देत नाहीत.

मग खंड का पडला? सुटताना डोमाला गोळ्या आणि पवनीच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली होती. मी एसटीने पवनी गाठली आणि त्याच्या बायकोला, पंचफुलाला, भेटले. ती सरळ म्हणाली, "जेलची वस्तू घरात कायले आनाची, बाई? नदीवर आंघोळ घातली, नवे कपडे देल्ले, जुने थैलीसकट वैनगंगेत सोडले." त्याच थैलीत गोळ्या होत्या, चिठ्ठीही. डोमाला तेव्हा खोकला नव्हता. त्यानेही शोधल्या नाहीत.

तू सोमवारी सुटणार म्हणून आपल्या आईनेही तुझ्यासाठी नवा सदरा शिवला आहे, घाटही ठरवला आहे. मी तिला जंतू, मुळे, सारे समजावले. ती म्हणाली, "मास्तरीन, तुया शाळेत शिकव. माया पोराची पीडा नदीतच जाईन." मी हटले नाही. तुझ्या उरलेल्या गोळ्यांसाठी इथल्या सरकारी दवाखान्यात तुझे नाव सांगून आले. परिचारिका तुझी वाट पाहते आहे. तुझ्या भाऊजींनी महामार्गावरच्या आपल्या टायरच्या दुकानात तुझी जागा राखली आहे. तू कुठे होतास असे गिऱ्हाइकांनी विचारले तर काय सांगायचे, असे मी म्हणाले, तर ते हसले, "पंक्चर काढते म्हनून सांगू!"

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डोमा गेला. उपचार पुन्हा सुरू झाले होते, पण उशीर झाला होता. जाळीतून ओरडून हे तुला सांगणे मला जमले नसते. त्याचे दिवसकार्य उरकल्यावर पंचफुला स्वतःहून आपल्या घरी आली, आईजवळ बसली. "माय, कपडे सोडा, पीडा सोडा. थैली तेवढी घरी आना," इतकेच बोलली. संध्याकाळी पाहते तर आईने सदरा पुन्हा मशीनवर घेतला होता आणि त्याला आतून गोळ्यांसाठी खिसा लावत होती. तेव्हा सोमवारी घाटावर खुशाल अंघोळ कर, पण थैली आईच्याच हातात दे. आणि रोज एक सोपी परीक्षा करून पाहा. गोळ्या घेतल्यावर काही तासांनी लघवीचा रंग बघ. नारिंगी-लालसर दिसला तर घाबरू नकोस; ते रक्त नव्हे, औषध अंगात पोहोचल्याची खूण आहे. रंग नेहमीसारखा फिका दिसला, तर कुणी विचारण्याआधी तूच आठव: आजची गोळी घेतलीस का?

तुझीच,
रुपाताई