स्ट्रॅथॉरनच्या लॉर्डचं रक्त

पुणे, ८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. स्वरदा हिस,
अनेक उ. आशीर्वाद.

तुझ्या सिद्धीनं गोरा मुलगा पसंत केला म्हणून मी गप्प होतो, हे तू ओळखलंच होतंस. पण परवा कॅलमच्या वडिलांशी, स्टुअर्टसाहेबांशी, व्हिडिओवर बोलणं झालं आणि जीव भांड्यात पडला. स्कॉटलंडच्या लॉर्ड स्ट्रॅथॉरनचं घराणं. किताब सव्वाशे वर्षांपूर्वी बुडाला म्हणाले, पण रक्त तर तेच ना. त्यांनी घराण्याचं चिन्हही पाठवलंय, हरणाचं शिंग आणि तलवार. लग्नपत्रिकेवर छापायला दिलं. लीलामावशीला सांगितलं तर गुडघे विसरून उठून बसली.

किताब कसा बुडाला तेवढं विचारून कळव. इथे लोक विचारतात. सुशीलरावांना नमस्कार.

तुमचं बरं चिंतणारा,
दादा

न्यू लिन, न्यूझीलंड, २२ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
स्वरदाचा शि. सा. नमस्कार.

तू म्हणालास म्हणून विचारलं. शनिवारी अल्बनीला स्टुअर्टच्या घरी जेवायला गेलो होतो. ते शिंग भिंतीवर आहे, नॅपकिनवर आहे, बाथरूमच्या टॉवेलवरसुद्धा आहे.

स्टुअर्ट मटण कापत अगदी रंगून सांगत होता. शेवटच्या लॉर्डनं मेंढ्यांना कुरण हवं म्हणून खोऱ्यातली कुळं हाकलली. जी हलेनात त्यांची छपरं पेटवली. त्यातल्याच एका कुळाची मुलगी, एल्सपेथ, पोटासाठी त्याच्याच हवेलीत कपडे धुवायला राहिली. तिला दिवस गेल्यावर लॉर्डनं तिला न्यूझीलंडच्या बोटीवर बसवून दिलं. पुढे त्याचा लग्नाचा मुलगा शिकारीत मेला, वारस उरला नाही आणि किताब बुडाला. एल्सपेथला इथे येऊन झालेला मुलगा म्हणजे स्टुअर्टचा पणजोबा.

हे सांगताना त्याला काही वाटत नव्हतं, दादा. उलट हसून म्हणाला की मोलकरणीचं नशीबच म्हणायचं, फुकटात लॉर्डचं रक्त मिळालं.

टेबलाच्या टोकाला त्याची आत्या जीन बसली होती. पंच्याऐंशीच्या पुढची आहे, ऐकू कमी येतं असं आम्हाला सांगितलेलं. तिनं काटा खाली ठेवला. "ती सोळा वर्षांची होती, स्टुअर्ट. आणि तिच्या बापाचं घर त्यानंच जाळलं होतं."

स्टुअर्टनं तिला ग्रेव्ही हवी का विचारलं.

मटणाचा वास नाकात बसला तो बसलाच. कॅलम पांढराफटक पडला होता. त्याला लहानपणापासून ही प्रेमकथा म्हणून सांगितलेली. तो आमच्याच गाडीत बसून न्यू लिनला आला. दुसऱ्या दिवशी त्यानं बापाला फोन करून सांगितलं की ते चिन्ह लग्नात कुठेही दिसणार नाही. बाप म्हणाला, मग मीही दिसणार नाही.

तेव्हा पत्रिका थांबव.

माया आहे तशी ठेव.
तुझी,
स्वरदा

पुणे, ३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. स्वरदा हिस,
आशीर्वाद.

पत्रिका छापून आल्या आहेत आणि निम्म्या वाटल्याही. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीची घाण उकरून कुणाचं भलं होणार आहे? मोठ्या घरांतून असं चालायचंच. ती मोलकरीण गाळ आणि घराणं तेवढं ठेव, कोण स्कॉटलंडला बघायला जातंय. मुलगा अनौरस वंशातला, हे इथे कळलं तर आमच्या मुलाचं, ऋग्वेदचं, लग्न जमवताना मी काय तोंड दाखवू? कॅलमला समजाव, वडिलांची माफी मागू दे. सगळं सुरळीत होईल.

काळजीत असलेला,
दादा

न्यू लिन, ११ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
नमस्कार.

स्टुअर्टची किळस आली ती धुऊन टाकता आली, तो परका आहे. तुझं पत्र मात्र मला हातात धरवेना. तुम्हा दोघांना एकच हवंय, लॉर्ड राहू दे आणि पोरगी पुसा. तिच्यावर काय गुदरलं ते त्याला नशीब वाटतं, तुला घाण वाटते. घाण तिची नव्हती, दादा.

लग्न फेब्रुवारीत इथेच जवळ हेन्डरसनला, एका साध्या हॉलमध्ये. कॅलमच्या बाजूनं जीनआत्या उभी राहणार आहे. तिनं सिद्धीला विचारलं की तुमच्यात पूर्वजांची नावं घेतात तेव्हा एल्सपेथचं घेता येईल का. सिद्धीनं हो म्हटलंय.

भाचीला आशीर्वाद द्यायला येणार असलास तर ये. लॉर्डचे व्याही म्हणून मिरवायला येऊ नकोस.

स्वरदा

पुणे, २० ऑक्टोबर २०२४

प्रिय स्वरदा,
नीतावहिनीचे स. न. वि. वि.

तुझं पत्र यांनी टेबलावर तसंच ठेवलं, म्हणून मलाही वाचता आलं. उरलेल्या पत्रिका मी रद्दीत दिल्या. त्यांनी पाहिलं, पण अडवलं नाही. येतील की नाही, ते मी सांगू शकत नाही. मी येतेय. व्हिसाला टाकलंय.

आमचं लग्न ठरलं तेव्हा तू शाळेत होतीस, तुला कुणी सांगितलं नसेल. माझ्या आजीनं विधवा झाल्यावर दुसरं लग्न केलं होतं. एवढ्यावरून तुमच्या घरानं दोन महिने होकार अडवला. शेवटी या घरात तिचं नाव काढायचं नाही, या अटीवर अक्षता पडल्या. जिनं मला वाढवलं तिचं नाव मी तीस वर्षं गिळून बसलेय आणि सणावारी तुमच्या सगळ्या पणज्यांना नैवेद्य दाखवतेय.

जीनआत्यांना विचार, त्यांच्या एल्सपेथच्या शेजारी आणखी एकीला जागा होईल का. माझ्या आजीचं नाव विमल.

भेटीची वाट पाहणारी,
नीतावहिनी