दारातून घेतलेली बाटली

दादा,

तुझी ती स्पॅनिश रेड वाइन आज उघडली. तू सांगितलंस तशी वीस वर्षं कपाटात आडवी ठेवली होती. बूच अर्धं तुटलं, म्हणून चहाच्या गाळणीने गाळली. "उघडल्यावर तासभर हवा लागू दे," हेही तुझंच. तेवढी थांबले.

आंबली असेल म्हणून तुला शिव्या घालायच्या तयारीतच होते. पण पहिल्याच घोटाला सुकी चेरी, तंबाखू, जुनं चामडं. तुझ्या कोटाचा वास! धावत जाऊन दार उघडलं. कुणी नव्हतं.

त्या दिवशी बाटली घेतली आणि "पाहुणे आलेत, नंतर ये" म्हणून तुला दारातूनच कटवलं. पाहुणे नव्हते रे. आठवडाभरात तू गेल्याचाच फोन आला.

तुझाही ग्लास भरलाय. वास वाढतच चाललाय. दार लावायला हात धजत नाही.

तुझी,
धाकटी