चिंधी बांधलेलं बटण

ताई,

दाजींचा हात गेल्यापासून नव्या माणसांना पत्रा दाबायचं मशीन शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दोन बटणं दोन्ही हातांनी दाबली तरच मशीन खाली येतं, म्हणजे हात आत राहत नाही. हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "मास्तर, मग नाक कोण खाजवणार?" सगळे हसले. जेवून येतो तर त्याने एक बटण चिंधीने आवळून ठेवलेलं. म्हणाला, "काम झटपट उरकतं. इथल्याच कुणा जुन्या माणसाची युक्ती आहे म्हणे."

युक्ती दाजींची.

मशीन बिघडलं होतं असं दाजी तुला सांगतात, आणि मीही मान डोलावली. उद्या मात्र या सगळ्यांना दाजींचं नाव घेऊन खरं सांगणार आहे. तुला हे पत्र टाकवत नाही. मशीन चांगलं होतं, ताई.

तुझा,
भाऊ