राजेळीची तुला

रविवार, ६ जानेवारी २००२

आज सकाळी बरोबर सव्वाअकरा वाजता गासच्या वाडीत माझी केळ्यांनी तुला झाली. एका पारड्यात मी, दुसऱ्यात राजेळी केळ्यांचे घड. एकोणसाठाव्या वर्षी तराजूत बसून झोके घेईन असं कधी वाटलं नव्हतं. काटा स्थिर व्हायला वेळ लागला, कारण मी हसत होते.

टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले, गिरगावातली खोली सोडली आणि परवा शुक्रवारी इथे वसईत एव्हरशाईन सिटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. दोन खोल्या, बाल्कनी, भरपूर वारा. फ्लॅट संपदानं शोधला. किल्ली तिच्या नवऱ्याच्या भाच्यानं, परेशनं दिली. घरांची दलाली करतो. टेबलावरच्या कागदांवर जुन्या काळचं पितळी अर्ध्या शेराचं वजन ठेवतो आणि मला आंटी म्हणतो. टेन्शन नको आंटी, इकडे सगळे आपलेच, म्हणाला.

संपदा आणि मी कॉन्व्हेंटात एका बाकावर वाढलो. ती गासच्या बागायतदारांच्या घरी पडली, मी कुठेच पडले नाही, पण पत्रं चालू राहिली. वर्षभर ती आजारी आहे. काय आजार ते कोणी धड सांगत नाही, नुसती झिजते आहे. आज दारात उभी होती तेव्हा वाटलं, पदर उडाला तर ही पण त्याच्यामागून जाईल. म्हणून तर मी गिरगाव सोडलं. शेवटी तिच्याजवळ कोणीतरी असावं.

तिचे यजमान जयवंतराव सरकारी प्रयोगशाळेत पदार्थविज्ञानाचे संशोधक होते. अजून प्रश्नपत्रिका वाचून दाखवल्यासारखे बोलतात. तुला त्यांच्या समतोल मंडळाची. नव्या माणसाचं हे असं स्वागत करतात म्हणे. मंडळाचे वडीलधारे हरिभाऊ सांगत होते की फिरंग्यांच्या काळात देवळानं काढून टाकलेले काही आणि चर्चनं काढून टाकलेले काही एकत्र आले, त्यांचं हे मंडळ. मी म्हटलं, म्हणजे नापासांचा वर्ग. हरिभाऊ हसले नाहीत.

त्यांनी पलीकडच्या पारड्यात आधी संपदाची पांढरी साडी अंथरली, वर घड रचले. मग मला तीनदा ‘दिलं’ म्हणायला लावलं. आम्हा टेलिफोनवाल्यांचा आवाज. वाडीच्या टोकापर्यंत गेला असेल. वजन भरलं ब्याऐंशी किलो. ते मात्र हळू बोलले तरी चाललं असतं.

एकच खटकलं. तुलेचं घरात ठेवत नाहीत, तिथल्या तिथे वाटून टाकतात. इथे कोणाच्या हातावर एक केळं पडलं नाही. सगळे घड उचलून आत नेले. संपदा म्हणाली, पिकली की सोलून उन्हात वाळवू, सुकेळी करू, मग वाटू. बरं, वसईची सुकेळी कोणाला नको असतात.

शनिवार, १९ जानेवारी

घर लागलं. खाली मार्गारेट राहते, मूळ पापडी गावची, माझ्याच वयाची. मैद्याचे गोड फुगे घेऊन आली आणि आत न येता उंबऱ्यातूनच खोलीभर बघत राहिली. गासला जाणं-येणं आहे का, एवढंच विचारलं. आहे म्हटल्यावर टँकरच्या पाण्याबद्दल बोलू लागली.

तब्येत उत्तम. दोन मजले एका दमात चढते, गुडघे कुरकुरत नाहीत. मंगळवारी गासला गेले होते. गच्चीवर मच्छरदाणीखाली सुकेळी वाळत होती, मधाच्या रंगाची. तयार झालेली सुकेळी संपदा दुपारच्या जेवणानंतर खाते. तिच्या गालांवर मांस दिसलं. मला इतका आनंद झाला की परतीच्या रिक्षात मी जपमाळ म्हटली. आमच्या नन्सनी शिकवलेली, देव कोणताही असो.

आज वसई रोड स्टेशनात दिव्यांच्या वजनयंत्रावर गंमत म्हणून उभी राहिले. एकाहत्तर. पुन्हा नाणं टाकलं, पुन्हा एकाहत्तर. तिकिटामागे हिंदीत भविष्य छापलेलं होतं, की माझ्यामुळे जवळच्यांना सुख लाभेल. यंत्र बिघडलेलं असणार. कारण ब्लाउज तेच आहेत आणि काखेत तसेच घट्ट आहेत.

शनिवार, २ फेब्रुवारी

यंत्र बिघडलेलं नाही.

परवा रिक्षा खड्ड्यात गेली आणि माझं डोकं छपराला आपटलं. रिक्षावाला म्हणाला, मावशी, धरून बसा की, मागे कोणी आहे असं वाटतच नाही. घरातली वेताची खुर्ची मी बसले की कण्हायची. आता गप्प असते. गादीला खळगा पडत नाही.

टेपनं कंबर मोजली, छाती मोजली, दंड मोजला. एक सूत फरक नाही. शरीर सगळं जागच्या जागी आहे, फक्त त्याचा भार कोणीतरी काढून घेतो आहे.

डॉक्टरकडे गेले. जयवंतरावांनीच सुचवलेले. त्यांच्या काट्यावर अठ्ठावन्न. मी म्हटलं, माझ्याकडे बघा आणि मग आकड्याकडे बघा, तुम्हाला लाज वाटत नाही का. ते म्हणाले काटा जुना आहे, उतारवयात असं होतं, घरी आराम करा. दोन्ही कारणं एकाच वाक्यात. मी त्यांना म्हटलं, निदान एक तरी खरं निवडा.

निघताना त्यांच्या टेबलाकडे लक्ष गेलं. कागदांवर पितळी अर्ध्या शेराचं वजन. परेशच्या टेबलावर आहे तेच. गासला जयवंतरावांच्या कपाटावरही आहे. या काळात शेर कोण वापरतं, असं विचारलं, तर डॉक्टरांनी त्यावर हळूच हात ठेवला.

संपदाला फोन केला. ती म्हणाली, वसू, तू नेहमीच संशयी. आवाज कसा भरलेला होता तिचा.

रविवार, १७ फेब्रुवारी

संपदाच्या आग्रहावरून कळंबच्या किनाऱ्यावर गेलो. ती, जयवंतराव, मी. ओहोटी होती. संपदा वर्षानं एवढी चालली. जयवंतराव तिला सावकाश जा म्हणत होते आणि ती ऐकत नव्हती. मी हरखून तिच्याकडे बघत होते.

मग वळून मागे बघितलं.

ओल्या वाळूत दोघांची पावलं होती. जयवंतरावांची, आणि संपदाची, टाच रुतलेली, पाणी भरलेली. मधून मी चालले होते. तिथे वाळू नुसती पुसल्यासारखी दिसत होती, कोणी पदर ओढत नेल्यासारखी.

मी तिथेच उभी राहून पाय आपटला. पुन्हा आपटला. संपदानं बघितलं. तिनं बघितलं, आणि ती समुद्राकडे वळली. पिशवीतून सुकेळं काढून खाऊ लागली. शाळेत ही मुलगी एक लिमलेटची गोळी दातानं तोडून मला अर्धी द्यायची. मी हात पुढे केला, मला एक दे म्हटलं. जयवंतरावांनी पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. म्हणाले, तुम्हाला सोसायची नाहीत.

परतताना वारा सुटला. मला चालत्या रिक्षाचा दांडा धरून बसावं लागलं.

बुधवार, २० फेब्रुवारी

मार्गारेटला गाठलं. दारात पाय घालून उभी राहिले, म्हटलं सांगितल्याशिवाय हलणार नाही. हलवणं तिला अवघड नव्हतं, पण ती रडायला लागली.

माझ्या घरात आधी तिची बहीण जुलियाना राहायची. लग्न केलेलं नव्हतं. परेशनंच घर दिलं होतं. तिलाही गासला नेऊन तोललं. त्या वेळी आजारी होते हरिभाऊ. आज टुणटुणीत आहेत. जुलियाना शेवटी पलंगाला ओढणीनं बांधून निजायची. शवपेटी खांद्यावर घेतली तेव्हा पुढच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकानं फादरना विचारलं, आत आहे ना.

फादर मंडळाच्या विरोधात चर्चमध्ये बोलले. देवळाचे पुजारीही बोलले. ऐकणारे ऐकत नाहीत, मार्गारेट म्हणाली, कारण ज्याचं माणूस बरं होतं तो कशाला बोलेल.

मी विचारलं, तू मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, बाई, माझा नातू त्यांच्याच डॉक्टरच्या औषधावर आहे.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

गासला जाऊन आले. पर्समध्ये पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवला होता, वाऱ्यासाठी.

जयवंतराव, हरिभाऊ, संपदा, तिघंही ओटीवर होती. मी विचारलं तर लपवलं नाही. जयवंतराव म्हणाले, भार नाहीसा होत नाही, एकीकडून दुसरीकडे जातो, आम्ही तो मोजला आहे. हरिभाऊ म्हणाले, हे दान आहे आणि तुम्ही तोंडानं तीनदा दिलं म्हटलं. विज्ञान आणि धर्म, दोघांनी मिळून मला एकच गोष्ट दोन भाषांत सांगितली. मी म्हटलं, आमच्या खात्यात कोऱ्या अर्जावर सही घेणाऱ्याला घरी पाठवायचे. मला वाटलं मी केळी देते आहे.

संपदाच्या कोपराशी काचेची बरणी होती. तळाशी थोडी सुकेळी उरलेली. मी झडप घातली, एक तोंडात कोंबलं. गिळलं मात्र आणि गुडघा ठणकला. खालची खुर्ची करकरली. आयुष्यात कुठल्या दुखण्यानं इतकं बरं वाटलं नव्हतं.

जयवंतरावांनी बरणी हिसकावली. त्यांना जोर लावावा लागला नाही.

मी संपदाकडे बघितलं. तिनं मान वर केली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘माझी नातवंडं आहेत गं, वसू. तुझ्यामागे कोण आहे?’

मी ज्यासाठी गिरगाव सोडलं ते तिला माहीत होतं.

रविवार, २४ फेब्रुवारी

पंखा बंद. खिडक्या बंद. तांदळाचा डबा मांडीवर घेऊन बसते. उठताना डबा खाली ठेवला तर पाय —

पोलीस चौकीला फोन केला. काय चोरीला गेलं विचारलं. वजन म्हटलं. पलीकडे कोणीतरी हसलं. तिकडे मी असते तर मीही —

मार्गारेट सूप दारात ठेवून गेली. आत येत नाही.

सोमवार, २५ फेब्रुवारी

दुपारी डॉक्टर आणि परेश आले. दार उघडलं नाही. परेश बाहेरून गोड आवाजात सांगत होता, आंटी, गासला आराम मिळेल, मामी आठवण काढते. किल्ली त्याच्याकडे पण आहे. आतून कडी आहे. कडीपर्यंत पोचायला कपाट धरून —

आज जेवणानंतर एकदम हलकं झालं. म्हणजे तिनं खाल्लं. मला इथे बसून कळतं ती कधी खाते.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

पेन कागदावर टेकत नाही. दोन्ही हातांनी दाबते. हे पान फाडून मार्गारेटच्या हाती द्यायचं. तेवढं तरी तिनं करावं.

सौ. संपदा हिस —

तू ६ जानेवारीला सकाळी सव्वाअकरा वाजता माझी फसवणूक केलीस. नवऱ्यानं केली असं सांगू नकोस. साडी तुझी होती. घर तू शोधलंस. मला बोलावणारी पत्रं तुझ्या हाताची आहेत.

बरणीत उरलेलं सगळं परत कर. खाल्लेलं राहू दे. तुला चालताना बघून मला आनंद झाला होता, तो खोटा नव्हता, तेवढं तू ठेव.

आणि एका प्रश्नाचं उत्तर दे. मला का विचारलं नाहीस? मी तुझ्या उशाशी बसायला आले होते. वसू, मी मरते आहे, अर्धं दे, एवढं म्हणायचं होतं. मी स्वतः पारड्यात बसले असते. स्वतः केळी सोलली असती. तू मागणारी राहिली असतीस आणि मी देणारी. तू मला घड करून टाकलंस.

उत्तर लेखी हवं. तुझ्या हातचं, सहीनिशी. जयवंतरावांनी सांगितलेलं नको. तोंडी निरोप नको. गुरुवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत. पाचनंतर आणलंस तर दारात उभी राहून वर बघू नकोस, कारण आत्ताच डबा मांडीवर असून खुर्ची माझ्याखालून —